नांदेडहून आणलेला पॉवर सप्लाय

संध्याकाळचे सात वाजले की लातूरच्या आमच्या घरातला बल्ब आधी पिवळा व्हायचा, मग नारिंगी, आणि साडेसातच्या सुमारास त्याच्या आतली तार तेवढी लालसर दिसत राहायची. त्या वर्षांत गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरावर एक मजला चढला होता. वर ओळीनं खोल्या, एकेका खोलीत तीन-तीन पोरं, नाहीतर पोरी. कुणी भोकरहून आलेलं, कुणी उमरीहून, कुणी पार तिकडं इस्लापूरहून. सगळी अकरावी-बारावी करायला आलेली. क्लास सुटला की सगळी एकदमच खोलीवर यायची, एकदमच शेगडीची कॉइल लावायची, आणि आमच्या घरातला उजेड हळूहळू त्यांच्या चहाच्या पातेल्यात उतरायचा.

मला ती वेळ आवडायची. हातातलं काम ठेवून मी नुसती बसून राहायचे. भिंतींचा रंग बदलायचा. समोर लिहीत बसलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, जुन्या फोटोतल्यासारखे तांबूस दिसायला लागायचे. पंखा इतका सावकाश फिरायचा की त्याची पाती मोजता यायची. कॉम्प्युटरला मात्र ती वेळ सोसत नव्हती.

कॉम्प्युटर घरात आला तो माझ्या कामासाठी. मी आधी एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. लग्न होऊन गेले होते, दोन वर्षांत परत आले. त्याबद्दल इथं सांगण्यासारखं काही नाही. लातूरात क्लास वाढत चालले होते आणि प्रत्येक क्लासला दर रविवारी नवी प्रश्नपत्रिका लागायची. प्रश्नाला चार पर्याय, त्यात वर्गमूळं, बाण, बेंझीनच्या षटकोनी कड्या. हे सगळं नीट जुळवून देणारं माणूस तेव्हा सहज मिळत नव्हतं. मी शिकले. दुसऱ्याच्या दुकानात बसून शिकले आणि मग वाटलं, हे घरी करता येईल.

अण्णा हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, औसा तालुक्यातल्या एका गावात. आठवडाभर तिकडंच खोली करून राहायचे, शनिवारी दुपारी घरी यायचे. आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळं शनिवारची दुपार ही आमच्या घरातली मोठी वेळ असायची. भूकंप झाला तेव्हा ते गणपती विसर्जनासाठी लातूरला आले होते, म्हणून राहिले. त्यांची तिकडची खोली राहिली नाही. शाळा राहिली नाही. वर्गातली बरीच मुलंही राहिली नाहीत. ते लगेच तिकडं गेले आणि आठ दिवसांनी परत आले. काय पाहिलं, कुणाकुणाला उचललं, याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पुढं दुसऱ्या शाळेवर बदली झाली, तिथं काही दिवस काढले आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली. अंगणात पत्र्याचं शेड घालून घेतलं. जेवायला घरात यायचे, लिहायला यायचे. पाठ टेकायला मात्र शेडमध्येच.

त्यांना पुन्हा वहीपाशी आणलं ते एका क्लासवाल्यानं. भौतिकशास्त्राचे प्रश्न काढून द्याल का, म्हणून तो विचारायला आला. अण्णांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ते पाठकोऱ्या कागदांवर प्रश्न लिहायला लागले. अक्षर इतकं नेटकं की ते टाईप करताना मला चुकल्यासारखं वाटायचं.

तयार कॉम्प्युटर आवाक्याबाहेर होता. सुटे भाग आणून जोडायचं ठरलं. लातूरातल्या एका दुकानातून मदरबोर्ड, हार्डडिस्क, मॉनिटर असं एकेक आणलं. कॅबिनेट आणली, तिच्यात पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारी पेटी, बसवलेलाच होता. सतरंजीवर सगळं मांडून मी स्क्रू पिळत होते आणि अण्णा सोबतचं माहितीपत्रक डोळ्यांजवळ धरून एकेक ओळ वाचून दाखवत होते. किती वर्षांनी ते मला काहीतरी वाचून दाखवत होते. बटण दाबलं, पंख्याचा बारीक आवाज आला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. अण्णा म्हणाले, "चाललं की." त्या दिवशी ते एवढंच बोलले.

चार महिन्यांनी एका सकाळी प्रश्नपत्रिका छापत असताना कॅबिनेटमधून 'टप्' असा आवाज आला. मागच्या जाळीतून धुराची एक रेघ निघाली आणि गोडसर जळका वास सुटला. मदरबोर्ड वाचला, हार्डडिस्क गेली. तिच्यात दीडशेच्या वर रसायनशास्त्राचे प्रश्न होते. ते पुन्हा टाईप करता आले, कारण कागद होते. पण त्या रविवारी पोरांना पेपर मिळाला नाही आणि क्लासवाल्यानं मला जे ऐकवलं ते अजून कानात आहे.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं जळलेला सप्लाय हातात घेतला आणि म्हणाला, "ताई, हा हलकाय. कॅबिनेटसोबत येतेत ते असेच असतेत. हे बघा, हा घ्या." त्यानं दुसरा माझ्या हातात ठेवला. हात खाली गेला. "वजनावरून वळखायचं. जड असला की आत माल हाय."

बाजारात तेव्हा सगळेच असं सांगायचे. मी तो जड सप्लाय घेऊन आले आणि जोडायला बसले.

"थांब माय," अण्णा म्हणाले. "आधी उघडून बघू."

तो कधी विजेला लावलेलाच नव्हता, त्यामुळं उघडायला धोका नव्हता. वरची पत्र्याची पेटी निघाली. अण्णांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग स्क्रूड्रायव्हरनं एक तुकडा सोडवून टेबलावर ठेवला. लोखंडी पट्टी. बोटभर जाडीची, पेटीच्या तळाला दोन स्क्रूंनी आवळलेली. कुठल्या तारेला जोडलेली नव्हती, काही करत नव्हती. तिच्याशिवाय तो सप्लाय पहिल्याइतकाच हलका होता. सर्किटच्या पाटीवर जिथं तांब्याची वेटोळी असायला हवी होती तिथं छापील गोल तेवढे होते, आणि त्यांच्यात साध्या तारेचे तुकडे टाकले होते.

"वजनच घातलंय नुसतं," मी म्हणाले.

अण्णांनी पट्टी हातात घेतली, तोलून पाहिली आणि परत ठेवली. मग उठून अंगणात गेले. मला वाटलं, दुकानदाराच्या लबाडीचा राग आला असेल. खरं तर दुकानदारालाही ते माहीत नव्हतं. मी पट्टी दाखवली तेव्हा तो इतका ओशाळला की मलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी भिंतीवरचा स्टॅबिलायझर खाली काढला. टीव्हीसाठी बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेला, लाकडी पेटीचा, आमच्या घरात कधीही न बिघडलेली ती एकच वस्तू. "हा कसा काय टिकला ते बघतो," म्हणाले. आत एक ट्रान्सफॉर्मर होता, सुबक गुंडाळलेला, वर पिवळा सुती कपडा. कपड्याखाली कागदाची चिठ्ठी खोचलेली. चिठ्ठीवर उर्दू.

अण्णांची पहिली-दुसरी निजामाच्या काळात उर्दूत झाली होती. नंतर त्यांना कधी ते अक्षर वाचावं लागलं नाही. ते खिडकीपाशी उभे राहिले आणि लहान मुलासारखं ओठ हलवत एकेक अक्षर लावायला लागले. आधी आकडे आले, वेढे किती ते. मग गल्लीचं नाव. मग नांदेड.

"नांदेडला जाऊन येऊ," ते म्हणाले. भूकंपानंतर त्यांनी स्वतःहून कुठं जायचं नाव काढलं, ते हे पहिलंच.

पहाटेच्या पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. डिसेंबरचे दिवस. चाकूर गेलं तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं, अहमदपूरला ऊन आलं. लोह्याकडं जाताना दोन्ही बाजूंना हरभरा आणि करडई, वर धुक्याचा पातळ थर, आणि त्या थरातून माणसांची डोकी तेवढी तरंगत चालल्यासारखी दिसत होती. अण्णा खिडकीला डोकं लावून बघत होते. मला अर्धवट झोप लागत होती आणि झोपेत तो उर्दूतला आकडा दिसत होता, वेढ्यांवर वेढे.

नांदेडच्या जुन्या गावात गल्ली सापडायला वेळ लागला नाही. चिठ्ठी दाखवली तर एका पानवाल्यानं बोट केलं, "आपाचं घर? ते निळ्या दाराचं." दार उघडंच होतं. आत एक बाई लाकडी चरख्यासारख्या यंत्रावर तांब्याची तार गुंडाळत बसली होती. साठीच्या पुढची, डोक्यावर पांढरी ओढणी, चष्म्याला दोरी. ओठांनी वेढे मोजत होती, म्हणून तिनं नुसता हात वर करून आम्हाला थांबवलं. आम्ही उंबऱ्याबाहेर उभे राहिलो. चरखा फिरत होता आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ती तार सोन्यासारखी सरकत होती. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तिनं गाठ मारली आणि म्हणाली, "बोला. मध्ये बोललं तर गिनती चुकते."

अण्णांनी चिठ्ठी पुढं केली. तिनं ती पाहिली आणि हसली. "हे तर आमच्या साहेबाचं अक्षर. वेढे माझे, लिहिणं त्यांचं. ते गेले त्याला सात वर्षं झाली. अजून चालून राहिलाय का तो?"

"हो," अण्णा म्हणाले. "म्हणून तर आलो."

मी सगळं सांगितलं. अण्णांची मास्तरकी, जळलेला सप्लाय, लोखंडी पट्टी, संध्याकाळचा उतरणारा उजेड. आपानं मधे एकदाही तोडलं नाही. तिच्या नवऱ्याचं रेडिओ आणि ट्रान्सफॉर्मरचं दुकान होतं, ते गेल्यावर दुकान सुटलं पण काम घरी आलं. आता लोक कॉम्प्युटरचे सप्लायही आणून टाकायला लागले होते. ते उघडून उघडून ती शिकली होती.

"बसा ना मास्तरसाब, आत या," ती म्हणाली.

अण्णा उंबऱ्यावरच थांबले होते. घर जुनं माळवदाचं. वर लाकडाच्या कड्या आणि त्यांच्यावर मातीचं छत, हातभर तरी जाड. त्यांची नजर तिथं होती. "मी इथंच बरा आहे," ते म्हणाले.

तिनं एकदा त्यांच्याकडं आणि एकदा छताकडं पाहिलं. काही विचारलं नाही. ओट्यावर बाज टाकली, पाणी आणून दिलं आणि मला म्हणाली, "चल बेटी, आपण मांडू. जल्दी नको करू. आज दिवसभराचं काम हाय."

तिच्याकडं तीन सप्लाय होते. एक कोरा, झगमगीत, वर मोठ्या आकड्यांचं लेबल. दुसराही नवाच, पण साधा. तिसरा कुठल्यातरी ऑफिसच्या मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरमधला, राखाडी, कोपऱ्यात पोचा आलेला; त्याचे फुगलेले कपॅसिटर बदलून तिनं नवा पंखा बसवला होता. माझी नजर पहिल्यावर गेली.

"लेबल कुणीबी छापतं," आपा म्हणाली. "याला काम सांगून बघू."

तिनं एका फळीवर मोटारीच्या हेडलाईटचे चार बल्ब बसवलेले होते. सप्लायच्या जाड गुच्छातली हिरवी तार तिनं काळीला जोडली, म्हणजे मदरबोर्ड नसतानाही तो सुरू होतो. पिवळ्या तारा बल्बला दिल्या, लाल तारांना पाण्याच्या भांड्यात बुडवलेला कॉइलचा तुकडा. मीटर लावला. खोलीतल्या सावलीत चार पांढरे दिवे लागले आणि ओट्यावर बसलेल्या अण्णांनी मान वळवली.

झगमगीत सप्लायवर मीटर आधी बारा व्होल्ट दाखवत होता, मग साडेअकरा, मग अकराच्याही खाली. दिवे पिवळे पडले. पाव तासात तोच गोडसर वास आला. आपानं बटण बंद केलं. "गेला," एवढंच म्हणाली आणि बाजूला ठेवला.

दुसरा बरा होता. तास झाला तरी दिवे नीट होते. मग आपानं एक मोठा गोल खटका असलेली लोखंडी पेटी ओढून घेतली. ती तिनं स्वतः गुंडाळली होती. खटका फिरवला की भिंतीतून येणाऱ्या विजेचं व्होल्टेज हवं तेवढं कमी करता यायचं. "तुमची संध्याकाळ किती वाजता व्हती म्हणाली?"

"सातला सुरू होते. साडेसातला पार उतरतो."

"मग आता करू लातूरची संध्याकाळ."

तिनं खटका हळूहळू मागं फिरवला. दोनशे तीसवरून दोनशे, दीडशे, आणखी खाली. खोलीतला साधा बल्ब तिनं त्याच पेटीला लावला होता. तो पिवळा झाला, मग नारिंगी. बाहेर नांदेडची लख्ख दुपार होती, कुठंतरी दूर गोदावरीच्या बाजूनं धुणं आपटल्याचा आवाज येत होता, आणि त्या खोलीत आमच्या घरातली सातची वेळ उतरत होती. तो रंग मला ओळखीचा होता. क्षणभर वाटलं, आता शेजारच्या वरच्या मजल्यावरून पोरींच्या चपलांचे आवाज येतील, कुणीतरी पाठांतर सुरू करेल.

"सव्वासात," आपा म्हणाली. दुसऱ्या सप्लायचे दिवे लुकलुकले आणि बंद पडले. "याला तुमची संध्याकाळ नाही झेपली."

तिसरा जोडला. पुन्हा तेच सगळं, तेवढ्याच सावकाशीनं. बारा. बाराच. खटका मागं फिरत गेला, खोलीतला बल्ब निखाऱ्यासारखा लाल झाला, पण फळीवरचे चार दिवे पांढरेच राहिले.

अण्णा कधी उठून दाराशी आले ते मला कळलं नाही. ते मीटरकडं बघत होते. "किती वेळ ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"दुपार उतरेपर्यंत. घंटाभर तर कुणीबी टिकतं."

"हा हातात तर काही जड लागत नाही फार."

"जड कशाला पायजे?" आपा म्हणाली. "वजन किती हाय ते नाही, मास्तरसाब, वजन कोण उचलून राहिलंय ते बघायचं."

अण्णांची नजर मीटरवरून वर छताकडं गेली. मग खालच्या आवाजात, पण अगदी स्पष्ट, म्हणाले, "आमच्या गावात भिंती होत्या दोन-दोन हात जाड. दगडाच्या. लोक अभिमानानं सांगायचे, अशी भिंत तालुक्यात नाही. मीपण पोरांना सांगितलेलं, वस्तुमान जास्त तर हलवायला बळ जास्त लागतं. वर्गात सांगितलेलं. फळ्यावर काढून दाखवलेलं. आत दगडाला दगड धरून नव्हता. नुसता चिखल."

मी त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी वर्षं मी समजत होते की ते मुलं आठवून गप्प असतात. ते फळ्यावरचं स्वतःचं वाक्य आठवून गप्प होते.

आपानं सांत्वन केलं नाही. खांबावर हात ठेवून म्हणाली, "हे बघा. इथं भिंत छताला धरून नाही. आमच्या सासऱ्यानं बांधलं तेव्हा आधी खांब उभे केले, तुळया टाकल्या, छत घातलं. भिंती मागून. पावसात ही मागची भिंत एकदा सगळी पडली, तर छत जागचं हललं नाही. या, बघा पायजे तर."

शिकवणाऱ्या माणसाला कुणी 'बघा' म्हटलं की राहवत नसावं. अण्णा उंबरा ओलांडून आत आले. खांबाचा तळ पाहिला, जोत्याचा दगड पाहिला. तुळई खांबावर जिथं टेकते तिथली खाच बोटानं चाचपली. एका खांबावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेले. कड्या मोजल्या. आपा पुढं पुढं सांगत होती, कुठली कडी बदलली, कुठं वाळवी लागली होती. मग ते भिंतीलगतच्या दिवाणावर बसले आणि वर बघत राहिले.

आपानं ज्वारीच्या भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवण झालं. सप्लायचा पंखा एका लयीत घूं-घूं करत होता. दार अर्धं लोटलेलं, फटीतून उन्हाची एक उभी पट्टी जमिनीवर पडलेली, तिच्यात धूळ वरखाली होत होती. मी दर थोड्या वेळानं मीटर वाचत होते, आपा लिहून घेत होती. बारा. बारा. मधेच मी वळून पाहिलं तर अण्णा दिवाणावर आडवे झाले होते. एक हात कपाळावर, तोंड किंचित उघडं. चप्पल पायातच होती.

मी आपाकडं पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, पण तिला सगळं कळलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. त्यानंतर आम्ही दोघी कुजबुजतच बोललो. तिनं मला उघडा सप्लाय दाखवला, फिल्टरची वेटोळी कुठं असतात, तारा किती जाड पाहिजेत, जाळीतून बॅटरीचा झोत टाकून आतल्या जागा भरलेल्या आहेत की मोकळ्या ते कसं बघायचं. मी ऐकत होते आणि नव्हतेही. बाहेरून एक गाढव गेलं, त्याच्या पाठीवरची वाळू सांडल्याचा आवाज आला. ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं. अण्णांचा श्वास, पंख्याचा आवाज आणि आपाचं कुजबुजणं यांचं मिळून एकच काहीतरी झालं होतं, आणि मला वाटत होतं, ही दुपार उतरूच नये.

चारच्या सुमारास अण्णा जागे झाले. कुठं आहोत ते त्यांना चटकन कळलं नाही. छताकडं पाहिलं, दिव्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "अजून बाराच?"

"बाराच," मी म्हणाले.

"बंद करा आता," ते आपाला म्हणाले. "बिचाऱ्याची परीक्षा झाली."

आपानं राखाडी सप्लाय गार होऊ दिला, कपड्यानं पुसला आणि जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिला. पैसे तिनं सांगितले तेवढे अण्णांनी दिले. निघताना त्यांनी एक विनंती केली. "आत एक चिठ्ठी टाकता का? तारीख घालून."

"माझं अक्षर चांगलं नाही," ती म्हणाली.

"असू द्या."

तिनं चष्मा सावरून लिहिलं. तिलाही बराच वेळ लागला.

परतीच्या बसमध्ये अण्णा बोलत होते. मला सगळं आठवत नाही. गर्दी होती, मी दमलेली, पण त्यांचा आवाज चालू होता. आपाच्या भांड्यातलं पाणी किती तापलं, त्यावरून किती शक्ती खर्च झाली ते काढता येईल, आणि हा प्रश्न पुढच्या पेपरला घालू, पर्याय कुठले द्यायचे, पोरं कुठं फसतील. लोह्याला कुणीतरी मागून म्हणालं, "मास्तर हायेत का तुम्ही?" अण्णा म्हणाले, "हाव."

तो सप्लाय सहा वर्षं चालला. मदरबोर्ड दोनदा बदलला, मॉनिटर बदलला, तो तसाच होता. संध्याकाळी घरातला बल्ब लालसर व्हायचा आणि त्या उजेडात माझा पडदा एकटाच निळा-पांढरा झगझगत राहायचा. अण्णा शेडमध्येच झोपत राहिले. मला आशा होती की नांदेडनंतर ते घरात झोपतील. तसं झालं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

झालं ते वेगळंच. त्यांच्या त्या गावाचं पुनर्वसन होऊन बरीच वर्षं झाली होती. नव्या जागी नवी शाळा होती. एके दिवशी तिथून एक माणूस आला, तिशीच्या आतला, शाळेत शिक्षक. अंगणात अण्णांच्या पाया पडला. तो त्यांचा विद्यार्थी होता, राहिलेल्यांपैकी. शाळेला कुणीतरी दोन कॉम्प्युटर दिले होते, आणि दोन्ही सारखे बंद पडत होते. हात लावला की झटका बसतो, म्हणून मुलं जवळ जात नव्हती.

"सर, तुम्ही येऊन बघता का?" त्यानं विचारलं. विचारताना तो जमिनीकडं बघत होता.

मी आतून ऐकत होते. अण्णा उठल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मीटर घेतो."

भूकंपानंतरच्या त्या आठ दिवसांनंतर ते तिकडं गेले नव्हते. मी सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाले. दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी आले ते पिशवीत बोरं घेऊन, चपला मातीनं माखलेल्या, नखांत माती. मी पाणी दिलं. घटाघटा प्यायले आणि आपणहून सांगायला लागले.

"सप्लाय बरे होते दोन्ही. अर्थिंगच नव्हती शाळेला. तार भिंतीतून बाहेर काढून नुसती सोडून दिलेली, करंटला जमिनीत उतरायला वाटच नाही. मग म्हटलं, खड्डा खणू. पोरं होती आठवी-नववीची, आळीपाळीनं खणत राहिली. वरची काळी हातभर, मग मुरूम लागला. मी म्हटलं ओल लागेपर्यंत थांबायचं नाही. एक पोरगी आत उतरून मूठभर माती वर दाखवायची, सर बघा, ओली आहे का? नाही, अजून. ओली आहे का? नाही, अजून." ते हसले. "मग लागली. तांब्याची पट्टी उभी केली, तिला ती तार जोडली, कोळसा, मीठ, परत कोळसा. बुजवला खड्डा. पोरांनी वर पाणी घातलं. मग मी आत जाऊन कॅबिनेटवर हात ठेवला, असा, सपाट."

"काही झालं नाही?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. "मग सगळ्यांनी एकेक करून ठेवला."